सहभागी क्रमांक अकरा

बाइंडरकाकांनी उभ्या आयुष्यात चार हजारांच्या वर प्रबंध बांधले आणि त्यातला एकही वाचला नाही. विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सवाला आणि चष्मेवाला यांच्या मधोमध त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी लोखंडी चाकाचं कटिंग मशीन, मध्ये दोन प्रेस, मागच्या भिंतीला कापडाचे गठ्ठे आणि सगळीकडे खळीचा आंबूस वास. किड्यांचे पंख, नदीतला गाळ, कवितेतलं दुःख, सिमेंटला जाणारे तडे, लोकांनी डोळे फोडून लिहिलेलं असलं सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. विद्वत्तेच्या इतक्या जवळ बसून इतका कोरा राहिलेला माणूस शोधून सापडायचा नाही.

याला कारण होतं. दुकानाचे पहिले मालक, म्हणजे काकांचे वडील, त्यांनी शिकवलं होतं की बाइंडरनं मजकूर वाचायचा नाही, पानाचा आकडा वाचायचा. मजकुरात डोकं गेलं की पुढचं पान मागे जातं, आणि शिव्या लिहिणाऱ्याला नाही, बांधणाऱ्याला बसतात. काकांनी हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळला. मुलं घायकुतीला येऊन दारात उभी राहायची. "काका, उद्या सकाळी जमा करायचाय हो!" काका चष्म्याच्या वरून बघायचे. "तुम्हाला लिहायला सहा वर्षं लागली, मला सहा दिवस तरी द्या की." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काम तयार ठेवायचे.

नियमाला पळवाट एकच, ती म्हणजे शीर्षक. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरं ठोकायची तर ती वाचावीच लागतात. चार हजारांतली तीन शीर्षकं अशी निघाली की ती ठोकताना काकांचा हात जड झाला.

पहिलं आलं ते त्यांचा मुलगा जाऊन दोन वर्षं झाली तेव्हा. मुलाला घरात टिल्लू म्हणत. सहाव्या वर्षी त्याला रक्ताचा कर्करोग झाला आणि आठवं लागायच्या आत तो गेला. त्या प्रबंधाचं नाव होतं 'बालकर्करोग आणि आईवरील ताण'. काकांनी अक्षरं जुळवली, सरळ आहेत ना ते दोनदा बघितलं आणि घरी ब्र काढला नाही. त्यानंतर दहा वर्षांनी दुसरा आला, त्यात 'वडिलांचा सहभाग' होता. चला, उशिरा का होईना आपली आठवण झाली म्हणायची, असं काका मनाशी म्हणाले. तेही कडवटपणे नाही, कारण आपल्या सहभागाबद्दल कोणी खोदून विचारलं असतं तर त्यांची भंबेरीच उडाली असती. आणि आता, टिल्लूला जाऊन चोवीस वर्षं झाल्यावर, तिसरा आला.

तो घेऊन आलेली बाई चाळिशीची होती. चौदा वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती, मग शिकायला लागली. तिनं शीर्षकाचा कागद पुढे केला: 'बालकर्करोगात कुटुंबाचे व्यवस्थापन: निरोगी भावंडांचे अनुभव'.

"व्यवस्थापन म्हणजे काय हो?" काकांनी विचारलं. चार हजार प्रबंधांत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न.

"म्हणजे घर कसं चालतं ते. कोण दवाखान्यात राहतं, कोण घरी. कोण ठरवतं. कोणाला काय सांगतात, काय लपवतात." बाई हसली. "आधीचे अभ्यासक फक्त आईला विचारायचे. मग वडिलांना विचारायला लागले. बरी असलेली भावंडं आत्ता आत्ता कोणाला दिसायला लागलीत."

"आणि हे सगळं मोजता येतं?"

"नाही ना येत, काका. म्हणून तर तीनशे पानं झाली!"

काकांच्या घरचं व्यवस्थापन एका कागदावर होतं आणि तो कागद स्वयंपाकघराच्या दारावर टाचलेला होता. तो काकूंनी लिहिला होता. काकू टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला होत्या. निदान झालं त्या दुपारी त्यांनी नोकरी सोडली आणि पुढची दीड वर्षं त्या एखाद्या सेनापतीसारख्या वागल्या. कोणी कधी उकळलेलं पाणी भरायचं, कोणती गोळी कितीला, चादरी कुठल्या दिवशी, दाराशी कपडे बदलून कोपरापर्यंत हात कसे धुवायचे, सगळं कागदावर. सगळ्यात खाली लाल शाईनं लिहिलं होतं की ज्याला शिंक, खोकला, ताप असेल त्यानं टिल्लूच्या आसपास फिरकायचं नाही, मग तो कोणी का असेना. औषधांनी त्याच्या रक्तातली लढणारी फौजच कापून काढली होती, त्याला साध्या जंतूचाही भरवसा नव्हता. या नियमाचा जाच सगळ्यात जास्त झाला तो ताईला. टिल्लूची मोठी बहीण, नऊ वर्षांची. टिल्लू ताई म्हणायचा म्हणून सगळं घर तिला ताई म्हणायचं. शाळेत जाणाऱ्या पोरीचं नाक महिन्यातले पंधरा दिवस वाहणारच. मग टिल्लू आणि आई दवाखान्यात, ताई आणि बाबा दुकानात, असं घर दोन ठिकाणी वाटलं गेलं. शाळेतून येऊन ती कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून अभ्यास करायची आणि रोज एकच विचारायची, "त्याचा आकडा वाढला का?" आकडा म्हणजे पांढऱ्या पेशींचा. नऊ वर्षांच्या मुलीला हे कळावं, यासारखं वाईट काही नाही.

तर तिसऱ्या प्रबंधाचं काम सुरू झालं. पाच प्रती. काकांनी पानं लावायला घेतली आणि दोनशे एकेचाळीसपाशी त्यांचं घोडं अडलं. छापणाऱ्यानं मागच्या परिशिष्टात घोळ घातला होता, चार-पाच पानांवर आकडाच नव्हता. बाईला फोन लावला तर उचलेना. मग उपाय एकच: मागच्या पानाचा शेवटचा शब्द आणि पुढच्याचा पहिला शब्द जुळवून बघायचा. म्हणजे वाचायचं.

परिशिष्टात भावंडांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत दिलं होतं. नावं नव्हती, नुसते क्रमांक. सहभागी क्रमांक अकरा, स्त्री, वय तेहतीस. काकांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

"भावाचे केस गेले तेव्हा बाबांनी त्याला टोपी शिवली होती. कसल्या तरी ताठ, मरून रंगाच्या कापडाची. डोक्यावरून काढून ठेवली तरी ती टोपी आपली उभीच. तो म्हणायचा, माझ्यापेक्षा टोपीच्या अंगात जास्त ताकद आहे."

काका खुर्चीवर बसले. ते कापड प्रबंधाच्या पुठ्ठ्याला लावतात ते होतं. आतून त्यांनी मऊ अस्तर लावलं होतं, पण कापडाचा ताठा काही गेला नव्हता. पुढे पान कुठलं लावायचं, हे त्यांच्या डोक्यातून पार गेलं. ते वाचत राहिले.

"तो शेवटचा महिना. मला सर्दी होती म्हणून मला सोडत नव्हते. मला त्याला बघायचं होतं. एक दिवस शाळेतून मी एकटीच गेले, बसनं. मागच्या जिन्यानं वर गेले. आई अंघोळीला गेली होती. मी सरळ त्याच्या पलंगावर बसले. त्यानं माझा हात धरला. आई आली आणि ओरडली, हिला कोणी आणलं? मी म्हटलं, मीच आले. आईनं मला मारलं. आई कधी मारायची नाही. दोन दिवसांनी त्याला ताप चढला आणि सहाव्या दिवशी तो गेला. आई त्यावरून मला एका शब्दानं बोलली नाही. म्हणजे नंतर ती माझ्याशी तसं काहीच बोलली नाही. माझे केस लांब होते, ते तिनं कापून आणले, विंचरायला वेळ नाही म्हणून. आता मला मुलगी आहे, चार वर्षांची. माझं नाक चोंदलं की मी तिला आठ आठ दिवस तिच्या आत्याकडे पाठवते. नवरा म्हणतो, हे वेड आहे. असेल. पण मी एकदा करून बसलेय."

बाहेर झेरॉक्सवाल्याचं मशीन चालू होतं.

पण ताई एकटी गेली नव्हती. तिला काका घेऊन गेले होते.

टिल्लू महिनाभर रोज विचारत होता, ताई कधी येणार? काकूंचं उत्तर ठरलेलं, तिचं नाक थांबलं की. ते थांबत नव्हतं. त्या दिवशी काकांनी दुपारी दुकानाचं शटर ओढून घेतलं, शाळेच्या फाटकात ताईला गाठलं आणि बसमध्ये खिडकीशी बसवलं. पहारेकरी पुढच्या दाराशी असायचा म्हणून मागच्या जिन्यानं वर नेलं. जिन्यात तिला थांबवून आपल्या रुमालानं तिचं नाक पुसलं आणि म्हणाले, "आत शिंकायचं नाही हं." सर्दी आहे हे त्यांना माहीत होतं. पाच मिनिटांत काय होतंय, असं त्यांना वाटलं. पोराचा चेहरा त्यांना बघवत नव्हता, एवढंच खरं.

काकू अंघोळीहून लवकर आल्या. दारातच त्यांचा आवाज फुटला. काका खिडकीशी हातात थर्मास घेऊन उभे होते. ताईनं आधी बापाकडे बघितलं. एकच क्षण. बाप मूग गिळून थर्मासकडे बघत राहिला. मग ती म्हणाली, "मीच आले." काकूंचा हात उठला, तेव्हाही काका तिथेच होते. संध्याकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी काकू रडत होत्या, म्हणून उद्यावर टाकलं. मग ताप चढला, आणि त्यानंतर ते वाक्य बोलायची हिंमत त्यांना चोवीस वर्षांत झाली नाही. डॉक्टरांनाही त्यांनी कधी विचारलं नाही, की सर्दीनं असं होतं का? विचारायचं म्हणजे कोणाची सर्दी ते सांगावं लागणार.

भित्रा माणूस वाईटच असतो असं नाही. काका चांगले होते. लेकीची शाळा, तिचं लग्न, काही काही कमी पडू दिलं नाही. पण त्यांच्या चांगुलपणाचा सगळा खर्च त्या पोरीनं सोसला होता, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पाच प्रती पूर्ण झाल्या. बाई न्यायला आली तेव्हा काकांनी एक प्रत उगाचच हातात धरून ठेवली.

"मॅडम, सर्दीनं जातं का हो असं मूल?"

बाईनं त्यांच्याकडे रोखून बघितलं. "तुम्ही वाचलात?"

"एक पान. नंबर नव्हता त्याला."

"कोण काय बोललं, कोण ते, हे मला विचारू नका काका."

"नाही विचारत. सर्दीचं तेवढं सांगा."

"बहुतेक वेळा जंतू त्या मुलाच्या स्वतःच्याच पोटातले, अंगातले असतात. बाहेरून कोणी आणावेच लागतात असं नाही. पण एखाद्या मुलाबद्दल मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. ज्यांना ज्यांना अशी रुखरुख होती त्यांना मी हे सांगितलंय. ऐकतात, मान हलवतात. एकजण म्हणाल्या, बरोबर असेल तुमचं, पण मी गेलेच कशाला हा प्रश्न राहतोच ना."

काकांनी प्रत तिच्या हातात दिली. त्या दुपारीही त्यांनी दुकान लवकर ओढून घेतलं.

काकू घरी चादरींना इस्त्री करत होत्या. काका समोरच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी सांगून टाकलं. शाळेचं फाटक, बस, मागचा जिना, रुमाल, थर्मास. सांगताना ते इस्त्रीकडेच बघत होते. काकूंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. सगळं झाल्यावर त्यांनी इस्त्री उभी केली, बटण बंद केलं.

"मग मी मारलं ते कोणाला?" त्या म्हणाल्या.

काकांनी चादरीचं टोक सरळ केलं.

"नऊ वर्षांची होती हो ती. चोवीस वर्षं मी तिच्या केसांना हात लावलेला नाही. मला जमायचंच नाही. जवळ आली की वाटायचं, हिला थोडा दम धरवला असता तर... आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. "उठा. आत्ताच्या आत्ता चला. तिच्यासमोर बोला हे."

ताई चार रस्ते पलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायची. वाटेत काकू पुढे, काका मागे. ताईनं दार अर्धवट उघडलं. नाकाला रुमाल, डोळे लाल.

"आत येऊ नका, मला सर्दी झालीय. छोटीला मंगळवारीच पाठवलंय आत्याकडे. काय झालं? दोघं असे अचानक?"

"बाजूला हो," म्हणत काकू आत शिरल्या. खोलीत एका कोपऱ्यात खेळण्यातली भांडी ओळीनं मांडून ठेवलेली होती, कोणी हात न लावलेली. ताई खिडकी उघडून तिथेच उभी राहिली, शक्य तितकी लांब.

काकू म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी दवाखान्यात तुला ह्यांनी आणलं होतं. मला आज कळलं. मी तुला उगाच मारलं गं."

ताईनं रुमाल खाली घेतला. "कोण म्हणालं?"

"मी," काका म्हणाले. "मीच आणलं तुला. शाळेच्या फाटकातून घेतलं. बसमध्ये खिडकीशी बसवलं. जिन्यात तुझं नाक पुसलं मी, आठवतं ना? आत शिंकू नको म्हटलं."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. आठवायचा प्रयत्न करताना कपाळाला पडतात तशा आठ्या तिच्या कपाळाला पडल्या. काकांचा सगळा जीव त्या आठ्यांत अडकला होता. मग त्या आठ्या सुटल्या.

"नाही बाबा," ती हळूच म्हणाली. "मी एकटी गेले होते. मला सगळं लख्ख आठवतंय. तिकिटाचे पैसे मी मुठीत धरले होते, घामानं ओले झाले होते. जिन्यात कोणी नव्हतं."

"अगं, मी होतो! तुझा हात धरून चढलो मी!"

"तुम्ही खिडकीपाशी होतात. मी आत आले तेव्हा तुम्ही आधीच तिथे होतात, थर्मास घेऊन."

"ताई, तू मला वाचवायला म्हणालीस तसं. मीच आले म्हणालीस. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी..."

ताई खिडकी सोडून दोन पावलं पुढे आली आणि तिथेच थांबली, त्याहून जवळ येणं तिला जमणार नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते.

"बाबा, तुम्हाला कोणीतरी काहीतरी सांगितलंय. मी त्या नर्सबाईंशी बोलले होते ते, होय ना? तुम्हाला वाईट वाटलं म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय. नका ना घेऊ. माझं मी सांभाळलंय इतकी वर्षं."

"मी खरं सांगतोय गं."

"आईपुढे माझी बाजू घ्यायला एवढं खोटं बोलायची काय गरज आहे? तिनं मारलं त्याचं मला काही नाही. मी गेलेच होते ना."

काकू एकदा लेकीकडे, एकदा नवऱ्याकडे बघत होत्या. घरी इस्त्री बंद करताना त्यांच्या चेहऱ्यावर जो ठामपणा होता तो ओसरू लागला होता. आपला माणूस लेकीसाठी असं बोलू शकेल, हेही त्यांना खोटं वाटत नव्हतं.

"अहो, माझ्याकडे बघून सांगा," त्या म्हणाल्या. "खरं काय?"

काकांनी पुन्हा सांगायला सुरुवात केली. फाटक, बस, मागचा जिना. पण त्यांचं त्यांनाच आता ते पाठ केल्यासारखं ऐकू यायला लागलं. ताई ऐकत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, संशय नव्हता. इतक्या मायेनं लेकीनं त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. बापानं आपल्यासाठी केवढं केलं, असं त्या नजरेत होतं. काका मध्येच थांबले.

"आई," ताई म्हणाली, "घरी ने गं त्यांना. दमलेत ते."